बंदरातले चार तास



गावातलं एखादं पोर बोटीवर नोकरीला लागलं की दोन-चार महिन्यांत त्याचे फोटो मोबाइलवरून गावभर फिरतात. निळंशार पाणी, पांढरी वाळू, डोळ्यांवर काळा चष्मा, हातात शहाळं आणि पाठीमागे पंधरा-वीस मजली वाड्यासारखी उभी बोट. पारावरची मंडळी म्हणतात, "नशीब काढलं बघा. पगार तर पगार, वर जगाची सहल फुकटात." आई मात्र तोच फोटो चार-चारदा बघते नि एवढंच म्हणते, "वाळलाय माझा लेक."

पाराचंही खरं आहे आणि आईचंही खरं आहे. फोटो काही खोटा नसतो. पण तो ज्या चार तासांत काढलेला असतो, त्या चार तासांच्या मागेपुढे काय असतं ते फोटोत येत नाही. आज त्याबद्दलच बोलू. आता कोकण-गोव्यातलीच नव्हेत, तर घाटावरच्या शेतकऱ्यांची पोरंही हॉटेलचं शिक्षण घेऊन बोटीकडे डोळे लावून बसलेली दिसतात. मुलीही जातात. आपलं माणूस जिथं राबणार, तिथलं काम घराला कळायला हवं, तसा तिथला विसावाही कळायला हवा.

बोट आपल्याला नवी नाही

बोटीची नोकरी आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्यांची आहे. इंग्रजी आमदानीत रत्नागिरीकडचे खलाशी आणि गोव्याकडचे आचारी-वाढपी मोठमोठ्या विलायती बोटींवर असत. सारंग, तांडेल, सुखाणी, भंडारी ही बोटीवरच्या हुद्द्यांची आपल्या लोकांच्या तोंडची नावं. इंग्रज कप्तानही त्या माणसांना त्याच नावांनी हाका मारत. गोव्यातल्या गावागावांनी मुंबईत, धोबीतलावाच्या आसपास, आपापल्या 'कूड' काढल्या होत्या. कूड म्हणजे गावकीची बिऱ्हाडं. आपली पेटी भिंतीशी लावायची, जमिनीवर पथारी टाकायची आणि बोट मिळेपर्यंत गाववाल्यांच्या सोबतीनं दिवस काढायचे. कोकणाला मनीऑर्डरवर जगणारा मुलूख म्हणत. त्या मनीऑर्डरींत गिरणीचा पैसा होता, तसा बोटीचाही होता.

पण तेव्हाच्या आणि आताच्या नोकरीत एक मोठा फरक पडला. जुन्या मालवाहू बोटींचा माल माणसांच्या हातांनी चढायचा-उतरायचा. बोट एकेका बंदरात आठवडा-आठवडा पडून राही. खलाशी उतरत, शहर बघत, ओळखी काढत. आताची पर्यटनाची बोट, जिला क्रूझ म्हणतात, ती सकाळी बंदराला लागते आणि संध्याकाळी निघून जाते. प्रवाशांना रोज नवं गाव दाखवायचं, हाच तिचा धंदा. तेव्हा बोटीवरच्या माणसाला जग पूर्वीपेक्षा जास्त दिसतं, पण प्रत्येक ठिकाणी वाटेवरच्या एस. टी. थांब्याइतकंच दिसतं.

अमावास्या नसलेलं औत

बोट केवढी, हे आधी ध्यानात घ्या. २०२४ च्या जानेवारीत अमेरिकेतल्या मायामी बंदरातून 'आयकॉन ऑफ द सीज' नावाची बोट पहिल्या सफरीला निघाली. लांबी सुमारे ३६५ मीटर, मजले वीस. प्रवासी ७,६०० पर्यंत मावतात आणि त्यांच्या दिमतीला २,३५० कामगार. म्हणजे दोन-तीन गावं एकाच बोटीत बसली आहेत आणि त्यांतलं एक गाव रात्रंदिवस बाकीच्यांची सरबराई करतं आहे.

हे राबणारं गाव खालच्या मजल्यांवर राहतं. बहुतेकांची खोली दोघांत एक. एकावर एक असे दोन अरुंद पलंग, एक कपाट, एवढीशी न्हाणी. खिडकी नाही. खाली, बोटीच्या पोटातून, या टोकापासून त्या टोकापर्यंत एक लांब बोळ जातो. सामानाच्या गाड्या, भाजीची खोकी, धुण्याचे गठ्ठे, कामावर निघालेली नि कामावरून परतलेली माणसं, सगळी रहदारी तिथूनच. कित्येक बोटींवर कामगार त्याला 'आय-९५' म्हणतात. अमेरिकेतल्या एका मोठ्या हमरस्त्याचं ते नाव आहे. वर गालिचे आणि झुंबरं असतात, पण बोट चालते ती या बोळावर.

काम किती तास? जिनिव्हाच्या आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनं २००६ साली समुद्रावरच्या कामगारांसाठी एक करार केला. तो २०१३ च्या ऑगस्टमध्ये अंमलात आला आणि २०१५ च्या ऑक्टोबरात भारतानंही त्यावर मान्यतेची मोहोर उठवली. हिशेब दोन परींनी मांडता येतो, असं तो करार सांगतो. एक, कामाच्या तासांवर मर्यादा घालायची: दिवसाला जास्तीत जास्त १४ तास आणि आठवड्याला ७२ तास. नाहीतर दोन, विश्रांतीची हमी द्यायची: दिवसाला कमीत कमी १० तास आणि आठवड्याला ७७ तास. विश्रांतीचे दिवसाचे तुकडे दोनापेक्षा जास्त पाडता येत नाहीत आणि त्यातला एक तुकडा सलग सहा तासांचा तरी हवा.

हे झाले कायद्याचे आकडे. रोजच्या जगण्यात त्यांचा अर्थ असा, की वेटर, खोल्या आवरणारा केबिन स्टुअर्ड, भांडी घासणारा, भाजी चिरणारा हे सगळे महिनोन्‌महिने रोज दहा-दहा, अकरा-अकरा तास उभे असतात. आठवड्याची म्हणून पुरी सुट्टी बहुतेकांना नसते. रविवार नाही, सण नाही. आपण बैलाचीही अमावास्या पाळतो, त्या दिवशी औत धरत नाही. बोटीवर अमावास्या नाही. सहा ते नऊ महिन्यांचा करार संपेपर्यंत हे औत रोज जुंपलेलंच असतं.

म्हणूनच बंदरात मिळणाऱ्या त्या थोड्या तासांना एवढं मोल आहे.

चार तास कुठून येतात

समजा, बोट मेक्सिकोच्या कोझुमेल बेटाला सकाळी आठ वाजता लागली आणि संध्याकाळी पाचला सुटणार आहे. म्हणायला नऊ तास झाले. आता आपला वेटर बघा. प्रवाशांची न्याहारी साडेदहापर्यंत चालते. मग टेबलं पुसायची, भांडी आत द्यायची, दुपारची मांडामांड करायची. कपडे बदलून, कामगारांच्या रांगेत उभं राहून, ओळखपत्र यंत्राला दाखवून तो जमिनीवर पाय ठेवतो तेव्हा अकरा वाजून जातात. रात्रीच्या जेवणाच्या तयारीला तीनच्या सुमारास हजर व्हायचं. हे झाले ते चार तास.

तेही रोज मिळतीलच असं नाही. पहिलं कारण पाळीचं. बोट बंदरात असली तरी आग लागली किंवा काही घडलं, तर ती सांभाळायला पुरेशी माणसं बोटीवर हवीतच. म्हणून प्रत्येक बंदरात ठरावीक कामगारांनी आळीपाळीनं थांबायचं असतं. ज्याची पाळी, त्यानं कठड्यावरून गाव बघायचं.

दुसरं कारण संकटाच्या सरावाचं, म्हणजे ड्रिलचं. प्रवासी बोटीवर आग विझवण्याचा आणि बोट सोडण्याचा सराव दर आठवड्याला घ्यावाच लागतो. प्रवासी गाव बघायला उतरले की त्या निवांत वेळी तो घेतात. सात आखूड आणि एक लांब भोंगा झाला की वेटर वेटर राहत नाही, त्याला नेमून दिलेल्या जागी जीवरक्षक जाकीट घालून उभं राहावं लागतं. याला कुणी कटकट म्हणू नये. २०१२ च्या १३ जानेवारीला इटलीच्या जिल्यो बेटाजवळ 'कोस्टा कॉन्कॉर्डिया' ही बोट खडकाला लागून कलंडली आणि ३२ जीव गेले. त्यांत बोटीवरचे कामगारही होते. सरावात गेलेला तास वाया गेला असं मानू नये.

तिसरं कारण प्रवासी बदलण्याच्या दिवसाचं. सफर संपून बोट मूळ बंदराला आली की सकाळी हजारो माणसं उतरतात आणि दुपारपर्यंत तितकीच नवी चढतात. तेवढ्यात सगळ्या खोल्या झाडून, चादरी बदलून तयार हव्यात. आठवडी बाजार, लग्नघर आणि मळणी एकाच दिवशी आली तर जसं होईल, तसा तो दिवस. त्या दिवशी केबिन स्टुअर्डला शहराचं नावही आठवत नाही. शिवाय काही बंदरांत पाणी उथळ असतं किंवा धक्काच नसतो. तिथं बोट खोल पाण्यात नांगरते आणि लहान होड्यांनी माणसं नेतात. आधी प्रवासी जाणार, मग जागा उरली तर कामगार.

सगळं जमून आलं, तर आठवड्यात असे दोन-तीन फेरे. आठवड्याच्या १६८ तासांत आठ-दहा तास पायाखाली जमीन. गावात येणारा फोटो या आठ-दहा तासांतला.

ही मेहेरबानी नाही

वर सांगितलेल्या करारात किनाऱ्यावर उतरण्याच्या मुभेचं, म्हणजे शोअर लीव्हचं, वेगळं कलम आहे. कामाच्या गरजा सांभाळून कामगाराला त्याच्या आरोग्यासाठी आणि स्वास्थ्यासाठी किनाऱ्यावर उतरू दिलं पाहिजे, असा त्याचा आशय. ही साहेबानं खूश होऊन दिलेली बक्षिशी नव्हे. बिनखिडकीच्या खोलीत नि दिव्यांच्या उजेडात महिनोन्‌महिने काढणाऱ्या माणसाला ऊन लागतं, मातीचा वास लागतो, आपल्या मर्जीनं चार पावलं चालणं लागतं. ते मिळालं नाही तर माणूस आतून आंबतो. या बोटी बहुधा बहामा, पनामा, बर्म्युडा, माल्टा अशा ठिकाणी नोंदलेल्या असतात. तिथंही हा करार लागू आहे.

मात्र उतरायला बोटीच्या परवानगीबरोबर त्या देशाचीही परवानगी लागते. अमेरिकेच्या बंदरांत जाणाऱ्या बोटीवरच्या आपल्या माणसाला 'सी-१/डी' नावाचा वेगळा व्हिसा काढावा लागतो. युरोपात नियम निराळा आहे. बोटीच्या कामगारांच्या यादीत नाव असलं, की व्हिसा नसतानाही बंदराच्या गावात आणि त्याला लागून असलेल्या पालिकांच्या हद्दीत फिरता येतं. त्यापलीकडे जाता येत नाही. हे माहीत नसलं की घोटाळा होतो. बोटीच्या जाहिरातीत 'रोम' लिहिलेलं असतं, पण बोट लागते चिवितावेक्किया नावाच्या बंदराला आणि तिथून रोम शहर सत्तरएक किलोमीटर दूर. प्रवासी बसनं रोमला जातात. कामगारानं मात्र चिवितावेक्कियाच्या समुद्रकाठी बसून कॉफी प्यावी, यातच शहाणपण.

घड्याळ आणि चिठ्ठी

आता बोटीवर जाणाऱ्या पोरा-पोरींसाठी चार व्यवहाराच्या गोष्टी.

पहिली, घड्याळाची. बोटीची वेळ आणि गावाची वेळ नेहमी एक असेलच असं नाही. कोझुमेल ज्या प्रांतात आहे तिथं २०१५ पासून वर्षभर एकच वेळ चालते. मायामीत मात्र उन्हाळ्यात घड्याळ तासभर पुढे करतात. मायामीहून निघालेल्या बोटीनं आपली मूळ वेळ राखली, तर बोटीवर तीन वाजलेले असताना कोझुमेलमध्ये मोबाइल दोन दाखवतो, कारण मोबाइल आपला आपणच गावाची वेळ धरतो. एका तासाचा हा फरक नोकरी घालवू शकतो. म्हणून मनगटावर साधं घड्याळ बांधावं, ते बोटीच्या वेळेला लावावं आणि त्यावरच चालावं.

दुसरी गोष्ट, उशीर. बोट कुणासाठी थांबत नाही. पासपोर्ट बहुधा बोटीच्या कचेरीत जमा असतो आणि खिशात असतं फक्त ओळखपत्र. बोट चुकली तर परक्या देशात पासपोर्टाशिवाय उभं राहायचं, पुढच्या बंदरापर्यंत पदरच्या खर्चानं जायचं आणि वर शिस्तभंगाची कारवाई. म्हणून उतरताना बोटीचं नाव, निघायची वेळ आणि कंपनीच्या बंदरातल्या प्रतिनिधीचा फोन नंबर एका चिठ्ठीवर लिहून खिशात ठेवावा. मोबाइलमध्ये आहे म्हणू नये. मोबाइलची बॅटरी नेमकी तेव्हाच संपते.

तिसरी, बाटली. दिवसभर मान खाली घालून राबलेला माणूस मोकळा सुटला की बंदरातला पहिला बार त्याला हाक मारतो. बोटीवर दारूची तपासणी केव्हाही होते. संकटकाळची जबाबदारी असलेल्या माणसाच्या रक्तात ०.०५ टक्क्यांपेक्षा जास्त मद्य नको, असा आंतरराष्ट्रीय नियम आहे आणि बऱ्याच कंपन्या याहून कडक आहेत. सापडलात तर पुढच्या बंदरातून थेट घरी.

चौथी, दुसऱ्याची पिशवी. कुणी कितीही गोड बोललं, "एवढं पाकीट माझ्या मित्राला दे" म्हणालं, तरी हात लावू नका. आत काय आहे ते तुम्हाला माहीत नसतं आणि पोलीस ते ऐकून घेत नाहीत.

चार तासांचं सोनं

मग करायचं काय? काहीच न करणं हेही एक करणं आहे. झाडाखाली बाकावर बसावं. बोटीच्या जेवणाचा कंटाळा आलेला असतो, तर कुठं वरण-भातासारखं मऊ, गरम काही मिळतं का पाहावं. जगातल्या कित्येक बंदरांत खलाशांसाठी धर्मादाय संस्थांची केंद्रं आहेत. १८५६ पासून चालत आलेली 'मिशन टू सीफेरर्स' आणि १९२० साली ग्लासगोमध्ये सुरू झालेली, आज 'स्टेला मारिस' म्हणून ओळखली जाणारी, या त्यांतल्या दोन मोठ्या. संस्था ख्रिस्ती आहेत, पण दार सगळ्या धर्मांच्या माणसांना उघडं असतं. बसायला जागा, घरी बोलायची सोय, कुणाशी तरी दोन शब्द. मन फार जड झालं असेल तर ते बोलायलाही तिथं माणूस भेटतो. कामाच्या ठिकाणी अन्याय होत असेल, पगार अडला असेल, तर बोटीवर तक्रारीची रीत असतेच. शिवाय वाहतूक कामगारांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाचे, म्हणजे आयटीएफचे, निरीक्षक अनेक बंदरांत असतात. त्यांच्याशीही या वेळात संपर्क साधता येतो.

पण अंगात उत्साह असेल तर एक तरी नवी गोष्ट डोळे उघडे ठेवून बघावी. शेतकऱ्याच्या पोराला दुकानांपेक्षा जास्त काही दिसू शकतं.

स्पेनमधल्या बार्सिलोनाला रांब्ला नावाच्या रस्त्यालगत बोकेरिया नावाची जुनी मंडई आहे. संत्री, टोमॅटो, मिरच्या, मासळी. माल कसा मांडलाय, कसा निवडलाय, ते बघण्यासारखं आहे. भाव तर लिहिलेला असतोच. फळ-भाजी कुठल्या देशची, हेही गिऱ्हाइकाला सांगायचा युरोपात कायदा आहे. आपल्या मालाला प्रतवारी का करायची, हे दहा भाषणांनी कळत नाही ते तिथं अर्ध्या तासात कळतं.

जमैकाच्या फाल्मथ बंदरात उतरलात आणि आंब्याचा हंगाम असला, तर आंबे विकणाऱ्या बाईकडे जरूर थांबा. १७८२ साली इंग्रजी आरमारानं एक फ्रेंच जहाज पकडलं. त्यावर नंबर घातलेली रोपं होती. ती जमैकात लावली. त्यातल्या अकरा नंबरच्या आंब्याला आजही तिथं 'नंबर इलेव्हन' म्हणतात. आणखी एका नावाजलेल्या जातीचं नाव आहे 'बॉम्बे'. रत्नागिरीच्या पोरानं दहा हजार कोसांवर नव्हे, पण अर्ध्या जगापलीकडे जाऊन 'बॉम्बे' आंबा चाखावा, यातली गंमत घरी सांगण्यासारखी आहे.

आणि बोट कधी मॉरिशसला गेली, तर पोर्ट लुई बंदराच्या काठावरचा आप्रवासी घाट चुकवू नका. १८३४ पासून ऊसमळ्यांवर राबायला आपल्या देशातून करारावर नेलेले मजूर तिथं उतरवत. जवळपास पाच लाख माणसं त्या वाटेनं गेली. मुंबई बंदरातून गेलेली मराठी माणसंही त्यांत होती, कोकणातली बरीच. त्यांची पतवंडं-खापरपतवंडं आजही तिथं स्वतःला मराठी म्हणवतात, घरात गणपती बसवतात आणि गणेश चतुर्थीला तिथं सरकारी सुट्टी असते. २००६ साली हा घाट जागतिक वारसा म्हणून नोंदला गेला. त्या माणसांच्या हातात परतीची खात्री नव्हती. आजच्या पोराच्या हातात आहे. करार संपला की मालकाच्या खर्चानं घरी पोचवण्याची जबाबदारी कायद्यानं मालकावर आहे. त्या पायऱ्यांपाशी उभं राहिलं की या एका कलमाची किंमत कळते.

घरच्यांसाठी

आता आईबापांनो, तुमच्यासाठी.

कोझुमेलला दुपारचे बारा वाजतात तेव्हा आपल्याकडे रात्रीचे साडेदहा झालेले असतात. पोराला सवड मिळते तेव्हा गाव निजलेलं असतं. हल्ली बोटींवरही इंटरनेट मिळतं, पण बऱ्याच ठिकाणी त्याचे पैसे पडतात. म्हणून अजूनही कित्येक जण बंदर गाठल्यावरच निवांत बोलतात. तेव्हा बोट कुठल्या बंदराला कुठल्या दिवशी लागणार, हे कागदावर लिहून भिंतीला लावा. त्या रात्री अर्धा तास जागं राहा. आणि फोन आला की पहिला प्रश्न "पैसे कधी पाठवतोस?" हा नको. दुसरा प्रश्न "येताना काय काय आणशील?" हाही नको. त्याच्या चार तासांतला एक तास तो तुम्हाला देतो आहे. भाऊबंदकीचा वाद, बांधाची मोजणी, कुणाच्या लग्नातला मानापमान हे सगळं त्या तासात त्याच्या कानात ओतलं, तर तो जड डोकं घेऊन पुन्हा त्या बिनखिडकीच्या खोलीत जातो. तिथं त्याला कुणी नाही. गाय व्याली, विहिरीला पाणी आलं, पोरगी शाळेत पहिली आली, हे सांगा. वाईट बातमी लपवू नका, पण शिळ्या भांडणांची उजळणीही करू नका.

पैशाचंही ठरवून टाका. पगारातला ठरावीक भाग थेट घरच्या खात्यावर पाठवायची सोय बोटीच्या मालकानं करून दिली पाहिजे, असं करारात आहे. ती सोय निघण्यापूर्वीच लावून घ्यावी, म्हणजे बंदरातले तास पैसे पाठवायच्या दुकानापुढे रांगेत जाणार नाहीत. आणखी एक ध्यानात ठेवा. करार संपवून पोर घरी येतं, त्या दोन-तीन महिन्यांत बहुतेकांना पगार नसतो. रजेचे पैसे बहुधा आधीच्या पगारातच धरलेले असतात. म्हणजे हे एका हंगामाचं पीक आहे आणि ते वर्षभर पुरवायचं आहे. खळ्यावरच सगळं विकून बसलेल्याची आषाढात काय गत होते, ते तुम्हाला सांगायला नको.

शेवटचं, आणि सगळ्यांत महत्त्वाचं. बोटीवर लावून देतो म्हणून लाख-दोन लाख मागणारा कुणी भेटला, तर त्यासाठी जमीन गहाण टाकू नका. नोकरी लावल्याबद्दल कामगाराकडून पैसे घ्यायला त्या करारात मनाई आहे आणि आपल्या देशातही तोच नियम आहे. पासपोर्ट, खलाशाचं नोंदणी पुस्तक म्हणजे सीडीसी, आणि वैद्यकीय दाखला यांचा खर्च आपला. पोहणं-जीव वाचवणं, आग विझवणं, प्रथमोपचार हे शिकवणाऱ्या सक्तीच्या शिक्षणाची फीही बहुधा आपल्यालाच भरावी लागते आणि ती मान्य संस्थेतच भरावी. पण 'जागा पक्की करायचे' म्हणून पैसे मागितले की समजा, पाणी मुरतंय. भरती करणाऱ्या एजंटाकडे केंद्र सरकारच्या नौवहन खात्याचा, म्हणजे डी. जी. शिपिंगचा, आरपीएसएल परवाना लागतो. त्याचा नंबर मागा आणि खात्याच्या यादीशी ताडून बघा. कर्ज काढून गेलेल्या पोराला बंदरातले चार तासही गोड लागत नाहीत. तो उतरतच नाही, एकेक डॉलर वाचवत खोलीत पडून राहतो.

त्या चार तासांची किंमत किती, ते २०२० सालानं दाखवलं. त्या फेब्रुवारीत जपानच्या योकोहामाला 'डायमंड प्रिन्सेस' बोट करोनामुळे अडकली. तिच्यावर शंभरहून जास्त भारतीय कामगार होते. पुढं जगभर बोटी थांबल्या, बंदरांनी दारं लावली, आणि हजारो कामगार समोर किनारा दिसत असताना आठवडेच्या आठवडे, काही तर महिनोन्‌महिने, उतरू शकले नाहीत. त्याच एप्रिलात मुंबईच्या समुद्रात 'मरेला डिस्कव्हरी' बोट येऊन थांबली होती. तिच्यावरच्या भारतीय कामगारांना आपल्याच देशाच्या धक्क्यावर पाय ठेवायला परवानगीची वाट बघावी लागली. जमीन डोळ्यांना दिसणं वेगळं आणि पायाला लागणं वेगळं.

तेव्हा मंडळी, पुढच्या वेळी तसा फोटो आला की पोराची चेष्टा करू नका आणि हेवाही करू नका. तो काळा चष्मा, ते शहाळं त्यानं घामानं मिळवलेलं आहे. "छान दिसतोस, पोटभर जेवलास का, आणि वेळेवर बोटीवर जा," एवढं लिहून पाठवा.

बरं, येतो. रामराम.